तिसऱ्या ओळीपुढची जागा

आईच्या लग्नात मी होतो असं सांगितलं की लोक हसतात. हसू द्या. नुसता होतो असं नाही, आईला हाताला धरून वेदीपर्यंत नेणारा मीच होतो. आमच्या ख्रिस्ती लोकांत नवरीला तिचा बाप नेतो. आईचा बाप केव्हाच देवाघरी गेलेला, एक भाऊ होता तो या लग्नावरूनच रुसून घरी बसलेला. उरलं कोण, तर मी. अठरा वर्षांचा, चौथीत मास्तरांनी हात टेकले तेव्हापासून शाळेबाहेर, सायकलच्या दुकानात पंक्चर काढणारा. अंगात शेजारच्या बेन्यामीनचा कोट, त्यात माझ्यासारखे दोन मावले असते. पायातले बूट कोणाचे ते आठवत नाही, पण त्यात मी एकटाही मावत नव्हतो. देवळाच्या पायरीवर आईनं एवढंच सांगितलं, आज कोणाला हसवू नकोस. मी पुढच्याच पायरीला तिच्या साडीच्या काठावर पाय दिला.

हे मी बोलतोय आणि माझी नात मोबाईलमध्ये भरून घेतेय. मला लिहिता येतं ते फक्त माझं नाव, घाईत लिहिलं तर त्यातलंही एक अक्षर गळतं. ती म्हणते, आजोबा, नीट पहिल्यापासून सांगा, लोकांना काय कळणार. तर पहिल्यापासून.

आम्ही शरणपूरला देवळामागच्या चाळीत राहायचो. दोन खोल्या आणि पुढं ओटा. आई, एस्तेरबाई, मुलींच्या बोर्डिंगात स्वयंपाकाला होती. तिच्या हाताला अख्ख्या बोर्डिंगची सवय, त्यामुळं घरात आम्ही दोघंच असलो तरी आमटी चाळभर वाटावी लागायची. तिच्या केसांना कायम फोडणीचा वास. मी लहान असताना मला वाटायचं सगळ्यांच्याच आयांना लसणाचा वास येतो. पहाटे बोर्डिंगची घंटा, मग देवळाची, मग नळावर भांडी. संध्याकाळी दिवे लागले की प्रत्येक घरात प्रार्थनेचं गाणं. या घरात पहिलं कडवं चाललंय, पलीकडे तिसरं, त्याच्या पलीकडे म्हातारा एकटाच कुठलं तरी वेगळंच गीत गातोय. ओट्यावर बसलं की सगळं एकात एक मिसळून कानात यायचं. लहानपणी मला ते गाणं वाटायचंच नाही, संध्याकाळ झाली की असा आवाज होतोच, कावळे घरी जातात तसा, असं वाटायचं. आता चाळीच्या जागेवर बिल्डिंग आहे. सातच्या सुमाराला तिथून गेलो तर टीव्ही ऐकू येतात. तेही एकात एक.

माझा बाप याकोब द्राक्षांच्या ट्रकवर होता. हंगामात पिंपळगावचा माल भरायचा आणि कलकत्त्यापर्यंत जायचा. माणूस गोड, पण जन्मात कुठं वेळेवर पोचला नाही. माझ्या बाप्तिस्म्याला तो आला तोवर पाळकांनी माझं नाव शमुवेल ठेवून टाकलेलं, तो वेळेत आला असता तर मी दावीद झालो असतो. आई म्हणायची, बरं झालं, तुझ्यासारख्याला राजाचं नाव शोभलं नसतं. गाण्यातही त्याचं तेच. आवाज असा की देवळात शंभर माणसं गात असली तरी त्याचा वेगळा ऐकू यायचा. थोडा फाटलेला, विडीचा. आमच्याकडे एक गीत आहे, लग्नात हमखास, एरवीही महिन्यातून एखाद्या रविवारी. त्याच्या प्रत्येक कडव्यात तिसऱ्या ओळीच्या शेवटी 'दारी' असा शब्द येतो. सगळी मंडळी 'दारी' म्हणून मोकळी व्हायची आणि याकोबचं 'दारी' चालूच. तो ते ओढायचा, थोडं वर न्यायचा, मग खाली आणताना सूर जरासा उतरायचा, पायरीवरून पाय घसरावा तसा. मग एक बारीक खोकला, आणि मग तो चौथ्या ओळीला यायचा. मंडळी त्याच्यासाठी थांबायची. पेटीवाला सुद्धा भात्यावर हात ठेवून वाट बघायचा. नव्या माणसाला वाटायचं हे गीत असंच आहे.

एका हंगामात ट्रक परत आला, बाप आला नाही. ड्रायव्हरनं सांगितलं की कुठल्या तरी ढाब्यावर चहा सांगितला आणि तोंड धुवून येतो म्हणून याकोब मागच्या बाजूला गेला. चहा आला, गार झाला. त्यांनी शोधलं, हाका मारल्या, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत थांबले. तिकडच्या पोलिसांत सांगितलं, इकडच्या पोलिसांत सांगितलं. काही नाही. मेला म्हणावं तर मयत नाही, पळाला म्हणावं तर माणूस तसा नाही. आणि त्याला उशिराची सवय, त्यामुळं पहिलं वर्षभर तर कोणाला फारशी काळजीच वाटली नाही. हे मी विनोदानं सांगत नाही, खरंच तसं होतं.

तो गेल्यावर जेव्हा पहिल्यांदा ते गीत आलं तेव्हाची गोष्ट. मंडळी तिसऱ्या ओळीला आली, 'दारी' म्हटलं आणि थांबली. कोणी ठरवलं नव्हतं. घसे आपोआप थांबले. जेवढा वेळ तो ओढायचा तेवढा वेळ सगळं देऊळ गप्प. पंखे फिरत होते तेवढाच आवाज. मग सगळ्यांनी मिळून चौथी ओळ घेतली. पुढच्या कडव्याला परत तेच. आम्हाला वाटलं, सवय आहे, जाईल हळूहळू. गेली नाही. वर्षं गेली, पेटीवाला बदलला, पाळकसाहेब बदलले. नवे साहेब नगरकडचे, त्यांनी हातानं ताल देऊन बघितला, सराव घेतला, रागावले. समोर उभं राहून ते चौथी ओळ सुरू करायचे आणि मंडळी त्यांच्याकडे नुसती बघायची. शेवटी तेही थांबायला लागले. बाप गेल्यावर जन्मलेली पोरं सुद्धा तिथं थांबायला शिकली. त्यांना याकोब कोण हेही माहीत नव्हतं.

त्या थांबण्यात मी आईकडे बघायचो. बायका डावीकडे बसायच्या, आम्ही उजवीकडे. बाकीच्या बायका पुस्तकात बघत असायच्या. आई दाराकडे बघायची. मान वळवायची नाही, नुसते डोळे. मला ते डोळे बघवायचे नाहीत म्हणून मी शेजारच्या पोराला चिमटा काढायचो आणि घरी जाऊन मार खायचो. तिनं या सगळ्या वर्षांत घराला कधी कुलूप लावलं नाही. कळवणला तिची सख्खी बहीण, तिच्याकडे सुद्धा मुक्कामाला गेली नाही. बहीण आजारी होती तेव्हा सकाळच्या एसटीनं गेली आणि दिवे लागायच्या आत परत. आपण गेलो आणि नेमका तो आला तर, एवढंच म्हणायची. मी एकदा म्हटलं, तो आला तर ओट्यावर बसेल की, त्याला काय घाई असते कधी. ती हसली नाही.

ती हसली ती शांतवनकाकांमुळं. शांतवन सिन्नरच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळायचे. बायको वारलेली, मूलबाळ नाही. कोणा नातेवाइकाकडे आले असताना रविवारी आमच्या देवळात आले. बुटका माणूस, शर्ट पँटमध्ये नीट खोचलेला, पुस्तकात ओळीखाली बोट ठेवून गाणारा. आता त्यांना कोण सांगणार. तिसऱ्या ओळीला सगळं देऊळ गप्प झालं आणि हे एकटेच ठणठणीत आवाजात चौथ्या ओळीत घुसले. अर्धी ओळ गाऊन झाल्यावर त्यांना कळलं. अख्खी मंडळी मागं वळून बघतेय, आणि हे तोंड उघडं ठेवून, बोट ओळीखाली, कानापर्यंत लाल. आणि बायकांच्या बाजूनं कोणीतरी फस्सकन हसलं. मी बघितलं तर माझी आई. पुस्तक तोंडाला लावून हसत होती, खांदे हलत होते. उपासनेनंतर तिनं त्यांना सलाम केला आणि सांगितलं, तिथं थांबायचं असतं. त्यांनी विचारलं, का. तिनं कारण सांगितलं. मग ते पुढच्या रविवारीही आले. मग दर रविवारी, भेळेचा पुडा घेऊन. दारात आले की आत यायच्या आधी खोकायचे. मी त्यांच्या खोकण्याची नक्कल करायचो. मी सगळ्यांच्याच नकला करायचो, साहेबांच्या प्रवचनाची, कंडक्टरची, बोर्डिंगच्या मॅडमची. चाळीत माझी तेवढीच किंमत होती.

कोर्टाचा कागद झाला, जेवढी वर्षं कायद्याला लागतात तेवढी झाल्यावर. याकोब कायद्यानं मेला. आईनं तो कागद ट्रंकेत ठेवला आणि साहेबांकडे जाऊन शांतवनचं नाव सांगितलं. आमच्यात लग्नाआधी तीन रविवार मंडळीपुढं नावं वाचतात, कोणाला हरकत असेल तर कळवा म्हणून. तिन्ही रविवार कोणी हरकत घेतली नाही. पण मंजुळाबाई म्हणून एक म्हातारी होती, चाळीतली सगळ्यात जुनी, माझ्या बापाला अंगाखांद्यावर खेळवलेली. ती ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला म्हणायची, कागदावर मेला म्हंजे मेला का. कागद काय, कोणीबी मारतं कागदावर.

आईनं साहेबांकडे एकच मागणी केली. लग्नात तेच गीत घ्यायचं, आणि मधे थांबायचं नाही. सरळ गायचं. साहेब म्हणाले, एस्तेरबाई, मी इतके दिवस खटपट केली, नाय जमलं. आई म्हणाली, तुम्ही सांगितलं म्हणून नाही जमलं, मी सांगते. आणि गुरुवारच्या प्रार्थनेला सगळी मंडळी आमच्या घरी बोलावली. एवढीशी खोली, अर्धे ओट्यावर, अर्धे खाली रस्त्यावर. तिनं पोहे केले होते, बोर्डिंगच्या हिशोबानं. प्रार्थना झाल्यावर ती उभी राहिली आणि पदर नीट करत म्हणाली, "तुम्ही माझ्यासाठी थांबत होता, मला कळतं. आता नका थांबू. मला पुढं जायचंय." मग पेटी लागली आणि गायले. पहिल्या कडव्याला दोघं-चौघं अडखळले. दुसऱ्याला सगळे सरळ गेले, तिसऱ्यालाही, चौथ्यालाही. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा. मला ते गीत एकदम छोटं वाटलं. आई आत गेली, मी मागं गेलो. ती पोह्यांच्या पातेल्यावर दोन्ही हात ठेवून उभी होती. म्हणाली, जमलं की. बाहेर लोक पोहे खात होते. मंजुळाबाईनं बशी खाली ठेवली आणि कोणालाच उद्देशून नाही अशी बोलली, "जागा बुजवली. आता तो आला तर उभा कुठं राहील?"

त्या वाक्यानंतर मला पोहे गेले नाहीत. मला, ज्याला चाळीत खादाड म्हणायचे.

लग्न ईस्टरनंतर, भर उन्हाळ्यात, दुपारी. सकाळपासून लाईट नव्हती. पंखे बंद, माईक बंद. दारं-खिडक्या सगळ्या सताड उघड्या आणि बाहेर पांढरं ऊन, इतकं की देवळातून दाराकडे बघितलं तर तिथं उभी माणसं काळी दिसायची, तोंडं ओळखू यायची नाहीत. मी मघाशी सांगितलं तसा कोटात आणि बुटात अडकून आईला घेऊन निघालो. तिच्या हातात मोगऱ्याचा गुच्छ, हाताला घाम, गुच्छाचा देठ गरम झालेला. मला इतकी भीती वाटत होती की मी बँड लागल्यासारखा चालत होतो, आणि ती तोंडातल्या तोंडात म्हणत होती, हळू, शमू, हळू, तुझं लग्न आहे का. वेदीपाशी शांतवनकाका उभे. मी तिला त्यांच्या शेजारी उभं केलं आणि ठरल्याप्रमाणं तिच्या डाव्या हाताला एक पाऊल मागं उभा राहिलो.

साहेबांनी ते विचारलं. या दोघांच्या लग्नाला कोणाची हरकत असेल तर आता बोलावं, नाहीतर पुढं कायमचं गप्प राहावं. एरवीच्या लग्नात इथं पोरं खुसखुसतात. त्या दिवशी खोकला नाही की पाय घासल्याचा आवाज नाही. एवढी माणसं, आणि सगळी ठरवून समोर बघत होती. दाराकडे कोणी बघायचं नाही असं जसं काही आपसात ठरलंच होतं. वर कबुतरानं पंख झाडले तेव्हा साहेबसुद्धा दचकले. त्यांनी जरा जास्तच वेळ थांबून रुमालानं कपाळ पुसलं आणि म्हणाले, आपण गीत गाऊ.

पहिलं कडवं सरळ गेलं. दुसरं सरळ गेलं. मला आईच्या पाठीवरून कळत होतं, प्रत्येक कडव्याला तिचे खांदे थोडे खाली येत होते. आता तिसरं. माझी गंमत अशी की मला वाचता येत नसल्यामुळं पाठ होती ती पहिली दोन कडवी, तीही मी नुसती पुटपुटायचो. पुढच्या कडव्यांना मी नुसतं तोंड हलवायचो, आ ऊ करायचो, तेही आवाज न काढता, कारण माझा सूर म्हणजे पत्र्यावर खिळा. घोळक्यात ते कोणाला कधी कळलं नव्हतं. तर मी आ ऊ करतोय, आणि मंडळी तिसऱ्या ओळीला आली, 'दारी' म्हटलं, आणि थांबली.

का थांबली ते आजतागायत कोणी सांगितलेलं नाही. मी पुढं कितीतरी जणांना विचारलं. म्हणतात, आम्ही नाही थांबलो, थांबलं गेलं. पेटी थांबली. पंखे नव्हतेच. आणि त्या जागेत एकट्याचं 'दारी' चालू राहिलं. फाटका, विडीचा आवाज. वर गेला. खाली येताना पायरीवरून पाय घसरला. मग बारीक खोकला.

मग आम्ही सगळे चौथ्या ओळीची वाट बघत राहिलो. ती आलीच नाही. त्यानं घेतली नाही आणि आमच्यातल्या कोणाची हिंमत झाली नाही.

आई समोर बघत होती, भिंतीवरच्या क्रुसाकडे, आणि हातातल्या मोगऱ्याची एक एक कळी खाली पडत होती. तिच्याही नकळत ती देठ पिळत होती. मागून मंजुळाबाईचा आवाज आला, अगदी साधा, कोणी घरात आल्यावर विचारावं तसा, "याकोबा?" आणि मग बाकांची करकर सुरू झाली, लोक एकमेकांकडे बघायला लागले. साहेब वेदीवरून खाली उतरले. तोंडाला रंग नव्हता. आईजवळ येऊन हळू म्हणाले, "बाई, थांबूया का? हे असं असेल तर मला पुढं नाही जाता येणार. नवरा जिवंत असेल तर मी काय तोंड दाखवू."

आईनं उत्तर दिलं नाही. तिला देता येणार नव्हतं. ती हो म्हणाली असती तर परत तेच घर, तेच बिनकुलपाचं दार. नाही म्हणाली असती तर कोणत्या तोंडानं. आता यातला मोठेपणा मला देऊ नका. माझं डोकं त्या वेळी चाललं नाही, चाललं ते तोंड, जे आयुष्यभर डोक्याच्या आधी चालत आलंय.

"मी गायलो, साहेब," मी म्हणालो.

"तू?"

"नक्कल केली. बाबांची. गंमत म्हणून."

मागच्यांनी मला पाठमोरंच बघितलेलं. माझी ख्याती सगळ्यांना माहीत. देवळात एक मोठा श्वास सुटल्यासारखा झाला, आणि पाठोपाठ शिव्या, देवळात देता येतात तेवढ्या. आणि आई वळली. माझ्याकडे तोंड केलं, मोगरा डाव्या हातात घेतला आणि उजव्या हातानं माझ्या कानाखाली अशी वाजवली की बेन्यामीनच्या कोटाचं वरचं बटण तुटून वेदीखाली गेलं. शंभर माणसांचा भात ढवळणारा हात तो. माझ्या डोळ्यापुढं काजवे. मग ती परत वळून समोर बघायला लागली.

तेव्हा शांतवनकाका गायले. ते तिच्या उजव्या हाताला होते, माझ्यापासून दोन हातांवर. मी तोंड मिटून उभा होतो हे त्यांच्याइतकं जवळून कोणी बघितलं नव्हतं. त्यांनी पुस्तकात चौथ्या ओळीखाली बोट ठेवलं आणि एकट्यानं सुरू केली. आवाज थरथरत होता. पेटी नाही, काही नाही. ते पूर्ण ओळ गायले, आणि चौथ्या कडव्याला मंडळी त्यांच्यात मिसळली, आणि तिसऱ्या ओळीनंतर सगळे सरळ गेले.

लग्न लागलं. बाहेर मांडवात आचारी रफिकभाईनं पुलाव आणि मटण केलेलं, सात-आठ चुली पेटलेल्या. सगळे जेवले आणि सगळ्यांनी मला सुनावलं. पण खाताना लोक आपसात जे बोलत होते ते माझ्या कानावर येत होतं. पुरुष म्हणत होते, पोरगा पुढं होता, पण आवाज बायकांच्या बाजूनं कसा आला. बायका म्हणत होत्या, नाही गं, पुरुषांच्यातून आला. पेटीवाल्याला वाटलं त्याच्या मागच्या खोलीतून आला. प्रत्येकाला वाटलं शेजारच्यानं गायलं. मी ताट घेऊन रफिकभाईकडे गेलो तर तो माझ्या गालाकडे बघून म्हणाला, तुलाच मारलं ना. मग डेगीवर झाकण ठेवत म्हणाला, गाणं माझ्यापर्यंत आलंच नाही, आज माईक नव्हता. तो एवढा एक सूर आला. मला वाटलं इथंच मांडवात कोण तरी उभं आहे, मी मागं वळून बघितलं बी. मी मटण तसंच ठेवलं. दोन वेळा न जेवलेला मी आयुष्यात, एक ते पोहे आणि एक हे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई नेहमीसारखी उठली. शांतवनकाका बाहेर ओट्यावर होते. तिनं चहा टाकला आणि मला स्टूलवर बसवून गाल बघितला. पाचही बोटं दिसत होती.

"लय लागलं का?"

"नाय."

"लागायलाच हवं होतं. हळू मारलं असतं तर कोणाला खरं वाटलं नसतं."

ती आलं ठेचत होती. म्हणाली, तुझ्या नरड्यातून असला सूर निघेल व्हय, आणि तिसरं कडवं तुला येतं कुठं. आता एक कर, देवळात कधी आवाज काढून गाऊ नकोस. कोणी ऐकलं तर सगळं बाहेर येईल. मी आजपर्यंत गायलेलो नाही. लोकांना वाटतं शमूला गळा आहे पण लाजतो. नातीच्या लग्नात मला आग्रह करतील तेव्हा काय करायचं ते अजून ठरलेलं नाही.

मी विचारलं, मग तुला माहीत होतं तर वळून का नाही पाहिलंस. माझ्याकडे वळलीस, दाराकडे नाही वळलीस.

तिनं ठेचलेलं आलं चहात टाकलं आणि उकळी फुटू दिली.

"वळले असते तर तो दिसला असता, नाहीतर नसता दिसला," ती म्हणाली. "दोन्हीत मला तुझा हात धरून घरी परत यावं लागलं असतं."

मग गाळणी घेतली, कप भरला आणि माझ्या हातात दिला. जा, त्यांना दे, गार होईल. मी बाहेर गेलो. शांतवनकाका ओट्याच्या कडेला बसले होते, तोंड रस्त्याकडे करून. कप घेतला, मला बसायला जागा केली, पण नजर रस्त्यावरून काढली नाही. ते जिवंत होते तोवर सकाळचा चहा त्यांनी कधी घरात घेतला नाही. कोणी विचारलं तर म्हणायचे, आत फार उकडतं. डिसेंबरमध्ये सुद्धा, कानाला मफलर बांधून.